कडा जुळल्या नाहीत

आमच्या लाँड्रीत रागावायला बंदी नव्हती. खुशाल रागवा. फक्त त्याआधी ढिगातला एक नॅपकिन उचलायचा, झटकायचा, त्याची चौपदरी घडी घालायची, कोपऱ्यावर कोपरा बसवायचा, घडी भावोजींना दाखवायची आणि मग काय बोलायचं ते बोलायचं. "आधी घडी, मग तोंड," असा भावोजींचा नियम होता. घडी पुरी होईपर्यंत राग उतरतो आणि बोलण्यासारखं काही उरतच नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्याचं उरायचं, त्याची घडी ते उलटसुलट करून बघत आणि शांतपणे परत देत. "कडा जुळल्या नाहीत. पुन्हा."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. दुकान त्यांचं, दुकानामागचं घर त्यांचं, आणि त्या घरातली एक लहानशी खोली मला दिलेली, तीही त्यांचीच. मी काउंटर सांभाळायचे. माझं तोंड जन्मापासून फटकळ, त्यामुळे हॉटेलांकडून येणाऱ्या नॅपकिनांपैकी निम्मे तरी माझ्या संतापावर घडी होऊन परत जात. एक हॉटेलवाला खूश होऊन म्हणालासुद्धा, तुमच्यासारखी घडी गावात कोणी घालत नाही. मी त्याला म्हटलं, तुमचं बिल थकलंय म्हणून ती एवढी छान झालीय.

भावोजींना पुस्तकांचा नाद होता. जुन्या काळचे, देशोदेशीचे शहाणे लोक काय सांगून गेले, ते सगळं त्यांनी वाचलं होतं. मनावर ताबा कसा ठेवावा, दुःख कसं सोसावं, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना तोंडपाठ. दाराशी एक फळा होता, त्यावर दर आठवड्याला खडूनं नवा विचार लिहीत. लोक कपडे टाकायला यायचे आणि फळ्यापाशी रेंगाळायचे. माझी त्या जुन्या लोकांशी काही तक्रार नाही. ते बिचारे स्वतःला सांगत होते. भावोजी दुसऱ्यांना सांगत, आणि त्यातही त्यांचं मीठ खाणाऱ्या दुसऱ्यांना. ते स्वतः कधी रागवत नसत हे खरं आहे. रागवतील कशाला? सगळं त्यांच्या मनासारखंच होत होतं.

आता त्या प्रेसबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशीच घडलं. दुकानाच्या मधोमध वाफेचा मोठा प्रेस होता. खाली गादी, वर लोखंडी झाकण. कापड गादीवर पसरायचं, पायानं पेडल दाबलं की तापलेलं झाकण खाली येतं, पाय काढला की वर जातं. निदान जायला हवं. आमच्या पेडलची स्प्रिंग गेली होती. झाकण खाली आलं की तिथंच बसायचं, आणि ते उचलायला मागच्या बाजूला भिंतीत बसवलेला दांडा ओढावा लागायचा. म्हणून कामाला दोन माणसं, एक पुढे कापड लावायला आणि एक मागे दांड्यापाशी. त्यातही कधीकधी पाय पेडलला नीट टेकायच्या आतच झाकण खाली यायचं. मेकॅनिक म्हणाला होता, अर्ध्या तासाचं काम आहे. भावोजी म्हणाले, "दोष यंत्रात नसतो, लक्षात असतो. यंत्र दुरुस्त केलं की माणूस आळशी होतो."

गेल्या हिवाळ्यात त्याखाली ताईचा हात गेला.

मी काउंटरवर होते. ताईची किंकाळी ऐकली आणि वळले. दांड्यापाशी भावोजी होते. दांड्यावर त्यांचा हातही होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण त्यांनी तो ओढला नाही. ते म्हणाले, "ओरडू नकोस. ओरडल्यानं भाजायचं कमी होत नाही. आधी गप्प हो, मग उचलतो." अगदी मऊ आवाजात, लहान मुलाला औषध पाजताना बोलतात तसं. ताईनं ओठ दातांखाली धरला. गप्प झाली. तेव्हा त्यांनी दांडा ओढला.

उजव्या हाताची तीन बोटं कायमची आखडली. डॉक्टर विचारत होते हे कसं झालं, किती वेळ हात आत होता, आणि भावोजी त्यांना सांगत होते की माझ्या बायकोनं क्षणात स्वतःला कसं सावरलं. पुढं ती गोष्ट त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. ताई तिथंच उभी असायची आणि लोक तिच्याकडे कौतुकानं बघायचे. "पुस्तकं मी वाचली," भावोजी म्हणत, "पण उत्तीर्ण ही झाली." ताई तेव्हा हात पदराआड घ्यायची. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटायचा. मी नॅपकिन घडी करायचे.

प्रेसवर कापड लावायला दोन्ही हात चपळ लागतात. ताईची बदली मागे दांड्यापाशी झाली आणि पुढची जागा रिकामी पडली. तेवढ्यात मनीची शाळा संपली.

मनी म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. पावलं न वाजवता मागे येऊन उभी राहायची म्हणून आम्ही तिला मनी म्हणायचो. तिला पुढं शिकायचं होतं की नाही, ते कधी कळलं नाही, कारण तिनं कधी काही मागितलंच नाही. नॅपकिनाची घडी ती बोलायला लागली तेव्हापासून घालत होती. एक दिवस जेवताना भावोजी म्हणाले, "उद्यापासून मनी प्रेसवर उभी राहील."

ताईच्या हातातला घास तसाच राहिला. ती उठली, दुकानात गेली, एक नॅपकिन घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहून घडी घालायला लागली. आखडलेल्या हातानं कापड धरता येत नसे, म्हणून ती एक टोक हनुवटीखाली दाबायची आणि डाव्या हातानं बाकीचं जुळवायची. बघवत नसे. घडी झाली. तिनं ती पुढं केली.

"अहो, तिला उभं करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त आधी ते पेडल दुरुस्त करून घ्या."

भावोजींनी घडी दिव्याखाली धरली. "कडा जुळल्या नाहीत."

"माझ्या हातानं आता एवढंच जमतं."

"हात कारणं सांगत नाही, मन सांगतं. पुन्हा."

ताईनं पुन्हा घातली. पुन्हा नाही जुळल्या. मी ताट सरकवून उठले आणि म्हटलं, "भावोजी, पोरीच्या हाताचा प्रश्न आहे, त्या फडक्याचा नाही!" त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसतं बोटानं नॅपकिनच्या ढिगाकडं दाखवलं. मनी जेवत होती. तिनं पाणी प्यायलं, ताट उचललं आणि म्हणाली, "मावशी, अन्न थंड होतंय तुझं."

दुसऱ्या दिवशी वाळवणाच्या खोलीत, ओल्या चादरींच्या मागं, ताईनं माझं मनगट धरलं. "मला बाकी काही नको गं," ती म्हणाली. "माझा हात गेला तो गेला. तिचे दोन्ही हात शाबूत राहू देत, एवढंच. कोणाचं काही ऐकून घ्यायचं असेल तर मी जन्मभर ऐकून घेईन."

मी काय करणार? मी मेकॅनिकला परस्पर बोलावलं. तो आला, हत्यारांची पिशवी उघडून प्रेसपाशी बसला, आणि भावोजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उठवलं. चहा पाजला, मोह आणि गरज यांतला फरक समजावून सांगितला आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. मेकॅनिक जाताना फळा वाचत थांबला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मोठा माणूस आहे हो!" मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मनी प्रेसवर उभी राहिली. आणि खोटं कशाला बोलू, तिच्याइतकं चांगलं काम आमच्यापैकी कोणीच केलं नव्हतं. टेबलक्लॉथ एका झटक्यात पसरायची, सुरकुती तळव्यानं काढायची, हात मागे, पाय पुढे. मागे ताई दांडा धरून उभी. तिची नजर मनीच्या हातांवरून हलत नसे. झाकण खाली येताना दर वेळी ताईचे खांदे आवळायचे आणि ते वर गेलं की सुटायचे. दिवसभर हेच. संध्याकाळी ताईची मान अशी धरायची की मी शेकून द्यायचे.

एकदा झाकणाची कड मनीच्या मनगटाला चाटून गेली. लांबलचक फोड आला. ताई मलम घेऊन धावली, तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि मनी मात्र दुसऱ्याच कोणाचा हात असावा तशी बघत होती.

"दुखतंय का गं?" ताईनं विचारलं.

"फोड आलाय," मनी म्हणाली. "दुखतंय हे त्यावरचं आपलं मत."

भावोजींच्या चेहऱ्यावर असा आनंद मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता. त्यांनी त्या दिवशी फळ्यावर तेच वाक्य लिहिलं, आणि खाली लेकीचं वाक्य म्हणून तिचं कौतुक. ताईनं डोळे पुसले आणि मला हळूच म्हणाली, "वरवर लागलंय, बोटं चांगली आहेत." मीही म्हटलं, हो, बोटं चांगली आहेत. आम्ही दोघी बोटंच बघत होतो.

रविवारी दुपारी दुकान बंद असायचं आणि भावोजींची बैठक भरायची. गिऱ्हाइकांपैकी पाचसहा हौशी माणसं यायची. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, एक शिक्षिकाबाई, एक दातांचा डॉक्टर, असे. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर ती मंडळी बसत, मी काउंटरच्या आतून चहा देई, आणि भावोजी प्रेसशेजारी उभे राहून बोलत. सोमवारी सकाळी हॉटेलांचा माल द्यायचा असल्यानं मनी आणि ताई तेव्हाही कामाला असत. भावोजींच्या मते त्यांच्या बोलण्याला ती चांगली पार्श्वभूमी होती.

त्या रविवारी विषय होता भीती. भीती बाहेर नसते, आत असते, वगैरे. शिक्षिकाबाई बराच वेळ ताईकडं बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "पण हे यंत्र खरंच धोक्याचं आहे ना? ह्यांचा हात..."

"तिचं लक्ष नव्हतं," भावोजी म्हणाले.

"आणि आता मुलगी उभी आहे तिथं."

"मुलीचं लक्ष असतं."

बाई गप्प बसल्या नाहीत. चांगल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, "तुम्ही स्वतः कधी उभे राहता का हो तिथं?"

गठ्ठ्यांवरचे लोक हसले. भावोजीही हसले. मग त्यांनी बाह्या दुमडल्या. "मनी, बाजूला हो."

मनी बाजूला झाली. भावोजींनी टेबलक्लॉथ घेतला, गादीवर पसरला आणि लोकांकडे तोंड करून बोलायला लागले. लक्ष म्हणजे काय, ते सांगत होते. एक हात हवेत, एक हात कापडावर. सांगता सांगता एक पाऊल पुढं आले, पाय पेडलला पुरता टेकलाही नसेल, आणि झाकण खाली आलं.

भावोजी ओरडले. माणूस ओरडतो तसेच ओरडले, पुस्तकातलं एक अक्षर आठवलं नाही. गंमत अशी की गठ्ठ्यांवरच्या मंडळींना क्षणभर तो धड्याचाच भाग वाटला. बँकेतल्या साहेबांनी तर मान डोलावली. मग जळक्या कातड्याचा वास आला आणि शिक्षिकाबाई किंचाळल्या. पण दांडा कुठे आहे, तो कसा ओढायचा, हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत असणार? ते आम्हा तिघींनाच माहीत होतं. मी काउंटरच्या आत होते आणि बाहेर यायला चहाच्या कपांनी भरलेली फळी उचलावी लागत होती. मी तेव्हा फार घाई केली नाही असं कोणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

ताई दांड्यापाशीच होती.

"ओढ!" भावोजी ओरडत होते. "दांडा ओढ! बघतेस काय, मूर्ख बाई, ओढ!"

ताईनं दांड्यावरचा हात काढला. शेजारच्या ढिगातला एक नॅपकिन घेतला आणि झटकला. तिनं नॅपकिनचं एक टोक हनुवटीखाली दाबलं आणि डाव्या हातानं दुसरं टोक वर आणलं. भावोजींना ते दिसलं. काय चाललंय ते त्यांना कळलं, आणि त्यांचा आवाज चिरकला. "नको," ते म्हणाले, "नको गं." मग नुसतंच रडायला लागले. मला बरं वाटलं. वाटलं ते वाटलं, त्याला मी काय करू? इतक्या वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

ताईनं घडी पुरी केली आणि पुढं केली. वेडीवाकडी घडी होती, नेहमीसारखीच. तिचा हात दांड्याकडं वळला.

आणि मनी, जी इतका वेळ बापाच्या शेजारी हातभर अंतरावर उभी होती, जिनं ना बापाला धरलं होतं ना आईला हाक मारली होती, तिनं ती घडी आईच्या हातातून घेतली. उलटी केली. सुलटी केली.

"कडा जुळल्या नाहीत, आई," ती म्हणाली. "पुन्हा."

त्या आवाजात राग नव्हता. वडिलांवर सूड नव्हता. असता तर मी तिला मिठी मारली असती. ती फक्त नियम सांगत होती. भाजीत मीठ कमी आहे हे सांगताना आवाज जेवढा हलतो, तेवढासुद्धा तिचा हलला नव्हता.

ताईनं तिच्याकडं बघितलं. माझ्या बहिणीचा चेहरा मी जन्मापासून ओळखते. हात प्रेसखाली गेला तेव्हाही तो असा झाला नव्हता. तिनं दोन्ही हातांनी, त्या आखडलेल्या बोटांनीसुद्धा, दांडा धरला आणि सगळ्या अंगाचा भार टाकून ओढला. झाकण वर गेलं. भावोजी जमिनीवर कोसळले. दातांचा डॉक्टर पुढं धावला, कोणी पाणी आणलं, कोणी गाडी बोलावली, आणि फळीवरचे माझे सगळे कप फुटले.

ते वाचले. हात मनगटापासून काढावा लागला. हॉस्पिटलात ते दिवसरात्र ओरडतात, शिव्या देतात, नर्सेसच्या अंगावर वस्तू फेकतात. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णानं जागा बदलून मागितली. त्यांच्या उशाशी शिक्षिकाबाईंनी एक जाडजूड पुस्तक नेऊन ठेवलं होतं, तेही त्यांनी एकदा फेकून मारलं.

मेकॅनिक आला आणि पेडल दुरुस्त झालं. खरोखरच अर्ध्या तासाचं काम होतं. मनीनं पाय ठेवून झाकण दोनतीनदा खालीवर करून बघितलं. फळा पुसलेला होता. तिनं प्रेसची गादी बदलली, डागाळलेला टेबलक्लॉथ भिजत टाकला आणि म्हणाली, "छान झालं. आता मागे कोणी उभं राहायला नको. आई, तू नॅपकिनवर बस."

ताई जागची हलली नाही. मग तिनं मनीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटेसुलटे करून बघितले, एकेक बोट चाचपलं. सगळी शाबूत होती. एवढंच तर तिला हवं होतं. आणि एकदम, माझ्या ऐकण्यात पहिल्यांदा, घडी न घालता, ढिगाकडे न बघता, माझी बहीण रागानं ओरडली.

"ओरड!" तिनं मनीला गदागदा हलवलं. "तुझा बाप जळत होता! तुझी आई त्याला जाळत होती! ओरड माझ्यावर! मार मला! अगं, एकदा तरी ओरड!"

मनीनं आपले हात हळूच सोडवून घेतले. तिला काहीतरी बोलायचं होतं, हे मला दिसत होतं, ओठ हललेही होते. मग तिनं ढिगावरचा एक नॅपकिन उचलला, झटकला आणि घडी घालायला घेतली.